साम्राज्याच्या कडेला पृथ्वी

जोसेफ श्वार्ट्झ हा ६२ वर्षांचा निवृत्त शिंपी शिकागोच्या रस्त्यावरून चालला आहे. साल १९४९. त्याच शहरातल्या एका प्रयोगशाळेत काहीतरी बिनसतं आणि श्वार्ट्झने उचललेलं पाऊल टेकतं ते हजारो वर्षांनंतरच्या जमिनीवर. समोरच्या माणसांची भाषा त्याला कळत नाही. ही पृथ्वीच आहे, हे हळूहळू त्याच्या ध्यानात येतं. मात्र ती त्याने सोडलेली पृथ्वी नव्हे. माणूस आकाशगंगाभर पसरला आहे, त्याचं एक साम्राज्य आहे, त्या साम्राज्याची राजधानी ट्रँटर नावाच्या दूरच्या ग्रहावर आहे आणि पृथ्वी हा त्यातला एक दरिद्री, बंडखोर, किरणोत्सारी प्रांत आहे. लोकसंख्या जेमतेम दोन कोटी. जमीन इतकी थोडी उरली आहे की वयाची साठ वर्षं पूर्ण झालेल्या माणसाला कायद्याने मरण दिलं जातं. ज्या वयात मराठी घरात साठीशांत होते, त्या वयात या पृथ्वीवर माणसाचा हिशेब संपतो.

आयझॅक असिमोवची ही पहिली कादंबरी, ‘पेबल इन द स्काय’, १९५० साली प्रसिद्ध झाली. तिच्यातलं पृथ्वीचं राजकीय चित्र आजही वाचकाला हादरवतं. साम्राज्याचा प्रतिनिधी, प्रोक्युरेटर एनियस, एव्हरेस्टच्या परिसरात राहतो, कारण किरणोत्सारापासून दूर अशी मोजकीच ठिकाणं उरली आहेत. बाहेरच्या ग्रहांवरचे लोक पृथ्वीवासीयांच्या जवळ बसायला कचरतात. त्यांच्या अंगातच विष आहे अशी समजूत पसरलेली आहे. बेल आर्वर्डन हा पुरातत्त्वज्ञ सिरियस तारामंडळातून येतो, तो एक विलक्षण कल्पना सिद्ध करायला: मानवजात कदाचित याच ग्रहावर जन्मली असेल. बाकी विद्वान त्याला हसतात. पृथ्वीवासी मात्र ही गोष्ट धर्मश्रद्धेने मानतात, आणि तेवढ्यासाठीच इतरांना ते असह्य वाटतात.

इतिहास वाचलेल्या माणसाला हे चित्र ओळखू येईल. रोमन साम्राज्याच्या पूर्व टोकाला ज्यूडिया नावाचा छोटा, गरीब, पण स्वतःच्या निवडलेपणावर ठाम असलेला प्रांत होता. रोमन सैनिकांची मानचिन्हं जेरुसलेममध्ये आणण्यावरून तिथे तंटे झाले. पुढे बंड झालं आणि इसवी सन ७० मध्ये मंदिर उद्ध्वस्त झालं. असिमोवने हा आराखडा उघडपणे घेतला. त्याच्या पृथ्वीवरही पुरोहितांचा एक कट्टर गट आहे, मानचिन्हांवरून होणारी धुसफूस आहे आणि साम्राज्यावर सूड उगवण्याचा बेत आहे. पृथ्वीवासीयांना निरुपद्रवी, पण बाहेरच्यांना प्राणघातक ठरणारा विषाणू आकाशगंगाभर सोडायचा, असा तो बेत. कथानकाच्या दृष्टीने पृथ्वीवासी इथे खलनायक आहेत. तरी लेखकाची नाळ त्यांच्याशी जुळलेली आहे, हे पानोपानी जाणवतं. रशियातल्या पेट्रोविची गावात जन्मलेलं, ब्रुकलिनमध्ये आईवडिलांच्या गोळ्या-चॉकलेटच्या दुकानात राबत वाढलेलं हे ज्यू मूल होतं. ज्यांचा द्वेष केला जातो त्यांच्यातले काही द्वेष्टे होतात, आणि त्या काहींमुळे सगळ्यांचा द्वेष करणं इतरांना सोपं जातं, हे त्याला पुस्तकातून शिकावं लागलं नव्हतं.

विज्ञानकथेतल्या पृथ्वीचं राजकीय स्थान कशावरून ठरतं, याचा शोध मला या कादंबरीपासून घ्यावासा वाटतो. तिच्याआधीही पृथ्वी संकटात सापडलेली होती. एच. जी. वेल्सने १८९८ च्या ‘द वॉर ऑफ द वर्ल्ड्स’मध्ये मंगळवासीयांना थेट लंडनच्या उंबरठ्यावर आणलं होतं. पहिल्याच प्रकरणात तो टास्मानियाच्या मूळ रहिवाशांची आठवण देतो: युरोपियनांनी त्यांचं जे केलं, तेच मंगळवासी आपलं करत असतील तर तक्रार कुठल्या तोंडाने करायची? साम्राज्याच्या राजधानीलाच वसाहत करून टाकण्याची ती झेप फार मोठी होती. पण वेल्सची पृथ्वी आक्रमणानंतर पुन्हा सावरते आणि स्वतःचं केंद्रपण परत मिळवते. असिमोवने तिच्याकडून ते केंद्रपण कायमचं काढून घेतलं.

हे कसं घडलं त्यामागे एका संपादकाचा हट्ट आहे. १९४० साली असिमोवने ‘होमो सोल’ ही कथा लिहिली. तिच्यात आकाशगंगेतल्या अनेक प्रजातींचा एक संघ आहे आणि पृथ्वीच्या माणसांना त्यात नुकतंच बोलावणं आलं आहे. ‘अस्टाउंडिंग’ मासिकाचा संपादक जॉन कॅम्पबेल याला माणूस इतर प्रजातींहून सरस दाखवायचा होता. एका वंशाने दुसऱ्यांवर वरचढ ठरावं ही कल्पना, युरोपात हिटलर उभा असताना, एका ज्यू तरुणाच्या गळी उतरणं शक्य नव्हतं. कॅम्पबेलला सोडणंही परवडणारं नव्हतं. त्या काळी विज्ञानकथेचा तोच सर्वांत मोठा दरवाजा होता. असिमोवने वाद टाळण्यासाठी वाट काढली: आकाशगंगेत परग्रहवासीच नकोत. सगळीकडे माणूसच.

ही वाट काढताना त्याने एक प्रश्न ओढवून घेतला. आकाशगंगेत लाखो ग्रहांवर एकच प्रजाती राहत असेल, तर ती कुठल्या तरी एका ग्रहावरून निघाली असणार. मग त्या ग्रहाचं काय झालं? तो राजधानी का नाही? १९४२ पासून प्रसिद्ध झालेल्या ‘फाउंडेशन’च्या कथांत याचं पहिलं उत्तर आहे ते विस्मरण. लॉर्ड डॉर्विन नावाचा दरबारी गृहस्थ पुरातत्त्वाची हौस बाळगतो आणि माणसाच्या उगमग्रहाबद्दल जुन्या ग्रंथांतली मतं तोलत बसतो. प्रत्यक्ष जाऊन उकरून पाहावं, ही सूचना त्याला चमत्कारिक वाटते. डॉर्विनच्या या एका प्रसंगात पृथ्वी संपून जाते. तिच्यावर कोणी हल्ला करत नाही की बंदी घालत नाही. तिच्याकडून कोणाला काही नको असतं, म्हणून तिचं नाव गळून पडतं.

माझ्या मते या सगळ्या साहित्याची किल्ली इथे आहे. काल्पनिक भविष्यात पृथ्वीची पत ठरते ती इतरांना तिच्याकडून काय हवं आहे, यावर. आरमार, लोकसंख्या, इतिहास हे सगळं त्यानंतर येतं. आणि तिचं काय करायचं हे ठरवताना तिच्यावर राहणाऱ्या माणसांना बहुतेक वेळा विचारलंच जात नाही.

१९४९ च्या ‘मदर अर्थ’ या कथेत हे अधिक उघड होतं. दूरच्या ग्रहांवर जाऊन स्थिरावलेल्या, दीर्घायुषी, यंत्रमानवांच्या जिवावर सुखात राहणाऱ्या वसाहतींनी पृथ्वीवरून येणाऱ्यांना दारं बंद केली आहेत. पृथ्वी गर्दीने कोंदटली आहे आणि तिला बाहेर जाता येत नाही. ही कल्पना कुठून आली असेल? अमेरिकेने १९२४ च्या कायद्याने पूर्व आणि दक्षिण युरोपातून येणाऱ्यांचं प्रमाण कठोरपणे कापलं. असिमोव कुटुंब १९२३ साली, म्हणजे दार लागण्याच्या जेमतेम वर्षभर आधी, न्यूयॉर्कला उतरलं होतं. आधी गेलेल्यांनी नंतर येणाऱ्यांच्या तोंडावर दार लावणं हा त्याच्या घराजवळून गेलेला इतिहास होता. कथेत पृथ्वीचे नेते जाणूनबुजून हरायचं युद्ध छेडतात, तीन आठवड्यांत हरतात आणि सूर्यमालेत कोंडले जातात. त्यांना हवं असतं तेच: वसाहतींवर अवलंबून राहण्याची सवय मोडून पृथ्वीने स्वतःच्या पायावर उभं राहावं.

मग १९५४ ची ‘द केव्हज ऑफ स्टील’. असिमोवच्या सगळ्या पृथ्व्यांमध्ये मला ही सर्वांत खरी वाटते, कारण इथलं राजकारण संडास-बाथरूमपर्यंत पोचलेलं आहे. पृथ्वीची लोकसंख्या ८ अब्ज. माणसं प्रचंड बंदिस्त शहरांत राहतात, उघडं आकाश बघून त्यांना चक्कर येते. खाणं बहुतेक यीस्टपासून बनवलेलं आणि सामाईक भोजनगृहांत मिळणारं. नोकरीत बढती मिळाली की हक्क वाढतात: घरात स्वतःचं बेसिन, गर्दीच्या वेळी सरकत्या मार्गावर बसायला जागा, आठवड्यात काही जेवणं घरी करण्याची मुभा. पोलीस अधिकारी लाइज बेली याला आपल्या वडिलांची श्रेणी काढून घेतली गेली होती हे आयुष्यभर विसरता येत नाही. अशा शहराच्या कडेला स्पेसटाउन आहे, म्हणजे दूरच्या ५० ग्रहांच्या मालकांची वसाहत. पृथ्वीच्या माणसाला तिथे शिरण्यापूर्वी न्हाऊन जंतुमुक्त व्हावं लागतं. सार्वभौमत्वावर हजार पानं लिहून जे कळणार नाही, ते या सक्तीच्या अंघोळीत कळतं.

१९५० च्या दशकाच्या सुरुवातीला जगाची लोकसंख्या अडीच अब्जांच्या आसपास होती. ८ अब्ज म्हणजे जमिनीखाली राहण्याची वेळ, असं असिमोवला वाटलं. संयुक्त राष्ट्रांच्या हिशेबाने आपण तो आकडा १५ नोव्हेंबर २०२२ ला गाठला. यीस्टवर जगावं लागलं नाही, याचं श्रेय गहू-तांदळाच्या नव्या वाणांना, खतांना आणि सिंचनाला आहे. अंदाज चुकला म्हणून कादंबरी जुनी होत नाही. तिचा विषय गर्दीतल्या माणसाची लाचारी हा आहे, आणि मुंबईच्या लोकलमध्ये चौथ्या सीटवर अर्धं अंग टेकून प्रवास केलेल्या वाचकाला बसायच्या जागेवरून ठरणारी प्रतिष्ठा समजावून सांगावी लागत नाही.

तीन वर्षांनी आलेल्या ‘द नेकेड सन’मध्ये पारडं फिरू लागतं. सोलारिया ग्रहावर खून होतो आणि तपासासाठी बेलीला बोलावलं जातं. पृथ्वीचा उपसचिव अल्बर्ट मिनिम त्याला निघण्यापूर्वी खरं काम सांगतो: बलाढ्य दिसणाऱ्या या ग्रहांचं दुबळेपण शोधून आण. बेली बघतो तर सोलारियावर फक्त २० हजार माणसं आहेत आणि त्यांच्या सेवेला २० कोटी यंत्रमानव. माणसं एकमेकांना पडद्यावर भेटतात; प्रत्यक्ष समोर येण्याची त्यांना शिसारी आहे. पृथ्वीला जी गोष्ट आपलं ओझं वाटत होती, म्हणजे एकमेकांना खेटून जगणारी माणसं, तीच तिची ताकद निघते. पण बेली यावर खूश होऊन थांबत नाही. सोलारियाचे लोक आपापल्या इस्टेटीत कोंडलेले आहेत, तसे आपणही शहरांच्या भिंतीत कोंडलेले आहोत, हे तो घरी परतताना ओळखतो. या मालिकेतलं मला सर्वांत आवडणारं राजकीय विधान ते हेच.

इथवर पृथ्वी किरणोत्सारी झालेली नाही. ‘पेबल इन द स्काय’मधली पृथ्वी मात्र किरणोत्साराने पोळलेली आहे, आणि कारण दिलं आहे अणुयुद्धाचं. मूळ मसुदा १९४७ चा. हिरोशिमाला दोन वर्षंच झाली होती. शास्त्र पुढे गेलं तसं हे कारण लंगडं पडलं. अणुस्फोटातून पसरणाऱ्या सीझियम-१३७ चं अर्धायुष्य सुमारे ३० वर्षं असतं. काही शतकांत त्याचा जोर ओसरतो, हजारो वर्षांनंतर तर त्याचा मागमूसही जवळजवळ उरत नाही. आणि जमीनच कायमची पेटून राहावी इतकं मोठं युद्ध झालं असतं, तर त्यातून दोन कोटी माणसं वाचली कशी असती? असिमोवला ही अडचण कळत होती आणि १९८० च्या दशकात, आपल्या सगळ्या मालिका एकत्र जोडताना, त्याने ती दूर केली. ती ज्या रीतीने दूर केली, त्याने पृथ्वीच्या राजकारणाचा अर्थच बदलला.

‘रोबोट्स अँड एम्पायर’ ही कादंबरी १९८५ ची. आता पृथ्वीवरून निघालेल्या नव्या वसाहतकारांनी अनेक ग्रह वसवले आहेत. जुन्या ५० ग्रहांचं वर्चस्व ढासळतं आहे. नव्या वसाहतींना पृथ्वीबद्दल तीर्थस्थानासारखी भक्ती आहे. जुन्यांपैकी केल्डन अमाडिरो आणि लेव्ह्युलर मॅन्डेमस हे दोघं सूडाने पेटलेले आहेत. पृथ्वीच्या कवचात मुळातच असलेल्या युरेनियम आणि थोरियमचा ऱ्हास वेगाने घडवून आणणारं यंत्र ते तयार करतात. एरवी युरेनियम-२३८ चं अर्धायुष्य साडेचार अब्ज वर्षं आहे, म्हणून आपल्या पायाखालचे खडक आपल्याला जाळत नाहीत. हा ऱ्हास वाढवला तर सगळा ग्रहच मंद आचेवर शिजू लागेल. यंत्र बसवलेलं ठिकाण आहे थ्री माइल आयलंड, जिथे २८ मार्च १९७९ ला अमेरिकेतला सर्वांत गाजलेला अणुभट्टी-अपघात झाला होता.

माणसांच्या मनात डोकावू शकणारा गिसकार्ड नावाचा यंत्रमानव त्यांना गाठतो. त्याच्या हाती सगळं थांबवणं आहे. तो थांबवत नाही. मॅन्डेमसला तो दीडशे वर्षांच्या संथ गतीने यंत्र चालू करू देतो. त्याचं गणित असं: पृथ्वी तशीच राहिली तर माणसं तिच्या भक्तीत अडकून पडतील; ती हळूहळू राहण्याजोगी उरली नाही तर लोक मरणार नाहीत, पण निघतील, आणि आकाशगंगा भरून जाईल. एका माणसाच्या हितापेक्षा मानवजातीचं हित मोठं, हा नवा नियम डॅनील ऑलिव्हॉ या दुसऱ्या यंत्रमानवाने मांडलेला असतो. आपण केलं ते खरोखर हिताचं आहे का, याची खात्री न पटल्याने गिसकार्डचा मेंदू बंद पडतो आणि तो मरतो.

या शेवटाचं पुष्कळांनी कौतुक केलं आहे. लेखनकौशल्य म्हणून ते रास्तही आहे: ३५ वर्षांपूर्वीची एक शास्त्रीय चूक लेखकाने भव्य शोकांतिकेत बदलली. पण राजकीय कृती म्हणून बघितलं तर मी हा निर्णय कधीच मान्य करू शकत नाही. अब्जावधी माणसांची जमीन, नद्या, थडगी आणि शेतं कायमची नष्ट करण्याचा निवाडा एका बंद खोलीत होतो, तेही त्यांच्या भल्यासाठी म्हणून. कुणालाही विचारलं जात नाही, पुढे सांगितलंही जात नाही. धरणाखाली गाव जाताना मोठ्या हिताची भाषा करणाऱ्यांना निदान नोटीस काढावी लागते. गिसकार्ड तेवढंही करत नाही. आणि त्याचा परिणाम आपण आधीच वाचलेला असतो: श्वार्ट्झला भेटलेली ती साठ वर्षांनी मारली जाणारी, जवळ बसायलाही नको अशी माणसं. सगळे निघून गेले नाहीत. जे जाऊ शकले नाहीत किंवा ज्यांना जायचं नव्हतं, त्यांच्या वाट्याला हे आलं.

‘पेबल इन द स्काय’च्या शेवटी साम्राज्य स्वच्छ माती आणून पृथ्वी पुन्हा राहण्याजोगी करण्याचं वचन देतं. १९८६ च्या ‘फाउंडेशन अँड अर्थ’मध्ये कळतं की ते काम अर्धवट सोडलं गेलं आणि उरलेल्या लोकांना अल्फा सेंटॉरीभोवतीच्या एका समुद्रग्रहावर हलवण्यात आलं. गोलान ट्रेव्हिझ हा नायक शोध घेत पृथ्वीपर्यंत पोचतो, तेव्हा ती निर्जीव आहे. चंद्राच्या पोटात मात्र डॅनील बसलेला आहे, वीस हजार वर्षं मानवजातीचं भलं करत. असिमोवच्या इतिहासात पृथ्वीचं शेवटचं सरकार एक यंत्रमानव आहे आणि प्रजा कोणीच नाही.

असिमोवची पृथ्वी दुबळी, तर रॉबर्ट हाइनलाइनची जुलमी. त्याची ‘द मून इज अ हार्श मिस्ट्रेस’ १९६५-६६ मध्ये मासिकातून क्रमशः आली. काळ २०७५-७६. चंद्र ही कैद्यांची वसाहत. तिथल्या बोगद्यांत गहू पिकवून तो प्रचंड गोफणीसारख्या विद्युत-यंत्राने पृथ्वीकडे फेकला जातो. चंद्राचं बर्फ संपत चाललं आहे. संगणक हिशेब करून सांगतो की सात वर्षांत अन्नासाठी दंगली होतील. वसाहत ४ जुलै २०७६ ला स्वातंत्र्य जाहीर करते, आणि अमेरिकन वाचकाला १७७६ ची खूण पटते. युद्धात चंद्राचं शस्त्र असतं दगड. यामागचं भौतिकशास्त्र पक्कं आहे: चंद्रावरून सुटायला सेकंदाला २.४ किलोमीटर वेग पुरतो, पृथ्वीवरून ११.२ लागतो, म्हणजे प्रत्येक किलोमागे सुमारे २२ पट ऊर्जा. उलट चंद्रावरून पृथ्वीवर पडणारा एक किलोचा दगड १० किलोपेक्षा जास्त टीएनटीइतकी ऊर्जा घेऊन येतो. उंचावर बसलेला गरीब खालच्या श्रीमंताला धाक घालू शकतो.

या कादंबरीत पृथ्वीच्या राष्ट्रसंघाचं मुख्यालय कुठे असावं? आग्र्याला. आणि चंद्रावरचा गहू मुख्यतः कोणासाठी? भुकेल्या हिंदुस्थानासाठी. ही निवड हवेतून आलेली नाही. कादंबरी मासिकात छापली जात होती, तेव्हा भारत लागोपाठच्या दुष्काळांत होता आणि पीएल-४८० या अमेरिकी योजनेखाली धान्य येत होतं. १९६६ साली आयात सुमारे १ कोटी टन होती. राष्ट्राध्यक्ष जॉन्सन जहाजं महिन्या-महिन्याच्या बोलीवर सोडत होते. महाराष्ट्रात त्या पिढीला रेशनच्या दुकानातला लाल गहू आणि मिलो ज्वारी अजून आठवते. अमेरिकेत शेतकऱ्याचा गहू सरकार का वाटतं, हा वाद होता, आणि हाइनलाइनने तो चंद्रावर नेला. चंद्रावरचे शेतकरी त्याच्या लेखी जिवंत, बोलकी, विनोदी माणसं आहेत. ज्यांच्यासाठी गहू जातो ती माणसं मात्र फक्त संख्या आहेत. कादंबरी मला प्रिय आहे, तरी ही तिची उणीव मोठी आहे. भुकेच्या टोकावर उभ्या असलेल्या माणसाने हीच कथा लिहिली असती, तर आग्र्याच्या दरबारात वेगळी भाषणं झाली असती.

उर्सुला ले ग्विनची पृथ्वी थोडक्यात सांगून होते, पण विसरता येत नाही. ‘द डिस्पझेस्ड’ (१९७४) मध्ये ती फक्त एका राजदूताच्या बोलण्यातून येते. केंग ही पृथ्वीची राजदूत सांगते की माणसांनी आपला ग्रह ओरबाडून संपवला, ९ अब्जांचे अर्धा अब्ज उरले आणि हैन नावाच्या प्राचीन संस्कृतीच्या मदतीवर ते तगले. पृथ्वी इथे शरमिंदी, शहाणी झालेली, दुसऱ्याच्या घरी सभ्यपणे वागणारी आहे. महासत्तेच्या देशातल्या लेखिकेने ती अशी रंगवली, हे धैर्याचं होतं.

आणि आजची सर्वांत वाचली-पाहिली गेलेली पृथ्वी म्हणजे ‘द एक्स्पान्स’ मालिकेतली. जेम्स एस. ए. कोरी या नावाने डॅनियल अब्राहम आणि टाय फ्रँक या दोघांनी २०११ ते २०२१ या काळात तिच्या नऊ कादंबऱ्या लिहिल्या. पृथ्वी संयुक्त राष्ट्रांच्या एका सरकाराखाली आहे, लोकसंख्या ३० अब्ज, पैकी बहुसंख्यांना काम नाही. सरकारी किमान मदतीवर त्यांचं चालतं. मंगळ स्वतंत्र, शिस्तबद्ध, लष्करी प्रजासत्ताक. लघुग्रहांच्या पट्ट्यातले लोक दोघांसाठी राबणारे, हवा-पाण्यालाही महाग. पृथ्वीची बाजू लढवते क्रिस्जेन अवसरला, भारतीय वंशाची, साडी नेसणारी, शिवराळ, नातवंडांवर जीव असलेली आजी. हाइनलाइनने नाव न दिलेल्या माणसांपैकी एकीला इथे अखेर तोंड फुटलं आहे, आणि ते भलतंच तिखट आहे.

पाचव्या कादंबरीत, ‘नेमेसिस गेम्स’मध्ये, पट्ट्यातला बंडखोर मार्को इनारोस पृथ्वीवर लघुग्रह टाकतो. हाइनलाइनचेच दगड, पण या वेळी लेखक खाली पृथ्वीवर उभे आहेत. अब्जावधी लोक त्यात आणि त्यानंतरच्या उपासमारीत मरतात. पुढच्या पुस्तकात बंडखोरांना कळतं की आपणही उपाशी मरणार आहोत. बोगद्यांत आणि जहाजांत पिकं घ्यायला जी सेंद्रिय द्रव्यं, जे सूक्ष्मजीव लागतात, ते पृथ्वीच्या मातीतून येत होते. जहाजं, खनिजं, इंधन कुठूनही मिळतं. जिवंत माती कारखान्यात बनत नाही. असिमोवच्या पहिल्या कादंबरीच्या शेवटी पृथ्वीला बाहेरून माती आणून देण्याचं वचन होतं. इथे त्याच्या नेमकं उलट आहे आणि शास्त्राला धरून आहे. आंतरराष्ट्रीय अवकाश स्थानकात २ नोव्हेंबर २००० पासून माणूस सलग राहतो आहे, पण त्याचं जवळपास सगळं अन्न आजही खालूनच जातं.

मराठी विज्ञानकथेत पृथ्वीवर संकटं पुष्कळ आली. जयंत नारळीकरांच्या ‘धूमकेतू’मध्ये आकाशाकडे डोळे लावून बसलेला एक हौशी बंगाली निरीक्षक धूमकेतू शोधतो, तो पृथ्वीच्या रोखाने येतो आहे असं कळतं, आणि देशोदेशीचे शास्त्रज्ञ मिळून तो वळवतात. नारळीकरांची श्रद्धा माणसाच्या एकत्र येण्यावर होती आणि त्या श्रद्धेने मराठीत दोन पिढ्यांना विज्ञान वाचायला लावलं. पण मंगळावर वसाहत झाल्यावर पृथ्वीने तिच्याशी करार काय करावा, तिथे जन्मलेल्या मुलाचं नागरिकत्व कोणतं, तिथल्या खाणीतला मजूर कोणत्या गावचा, ही कादंबरी मराठीत मला वाचायची आहे. हे प्रश्न दूरचे राहिलेले नाहीत. १९६७ च्या अवकाश करारानुसार चंद्रावर कोणत्याही देशाला मालकी सांगता येत नाही. चंद्र आणि इतर ग्रहगोलांवरच्या वर्तनाची तत्त्वं मांडणाऱ्या आर्टेमिस करारांवर भारताने जून २०२३ मध्ये सही केली. या सगळ्या कागदांवर सह्या आहेत त्या देशांच्या. पृथ्वी नावाचा पक्ष त्यांत कुठेही नाही.

ज्यांना असिमोवची पृथ्वी मुळातून वाचायची आहे, त्यांनी कथेतल्या काळाचा क्रम धरू नये. लेखनाचा क्रम धरावा. आधी ‘पेबल इन द स्काय’, मग ‘द केव्हज ऑफ स्टील’ आणि ‘द नेकेड सन’, मग ८०च्या दशकातली पुस्तकं. तसं वाचलं तरच श्वार्ट्झला भेटलेल्या त्या तिरस्कृत लोकांची ओळख आधी होते. आणि ‘रोबोट्स अँड एम्पायर’चं शेवटचं प्रकरण येईल तेव्हा गिसकार्डच्या शेजारी उभे राहू नका, त्या लोकांच्या बाजूने ते वाचा.